मिठी : पहिल्या अल्बमच्या प्रकल्प नोंदी

३० मार्च २०२५, गुढीपाडवा

विषय पक्का झाला. आमच्या चौघांच्या मेटल बँडचा अख्खा अल्बम मुंबईच्या मिठी नदीवर, विहारच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत. नदी ज्या क्रमाने वाहते त्याच क्रमाने गाणी. जुने डेमो बाजूला ठेवले. त्यातले दोन रिफ (गिटारचे फिरून फिरून येणारे तुकडे) मला फार प्रिय आहेत, पण ते या गोष्टीत बसत नाहीत, म्हणजे नाहीतच.

नदी जेमतेम अठरा किलोमीटरची. विहार तलाव १८६० साली बांधून झाला, मुंबईला प्यायचं पाणी मिळावं म्हणून. विहार आणि पवई भरून वाहायला लागले की जादा पाणी मिठीत येतं. मग साकीनाका, विमानतळ, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल, धारावीची कड, माहीम. आमचा बेसवाला कुर्ल्यात वाढलेला. तो म्हणाला, "आमच्याकडे तिला नालाच म्हणायचे. ती नदी आहे हे लोकांना २००५ साली कळलं."

प्रोग्रेसिव्ह मेटलच का, हे एकदा लिहून ठेवतो. या संगीतात गाणं दहा मिनिटं चाललं तरी चालतं, ध्रुवपद परत आलंच पाहिजे अशी सक्ती नसते, आणि मध्येच ताल बदलला तर कोणी दचकत नाही. उगमाजवळचं पाणी खाडीपाशी परत भेटत नाही, तेव्हा तीच ती ओळ फिरवून गायची पद्धत इथे खोटी वाटली असती. शब्द मराठीत, याबद्दल चौघांचं एका वाक्यात जमलं.

सात गाणी. पहिलं सांडव्याचं, तिसरं धावपट्टीचं, पाचवं २६ जुलै २००५ च्या पुराचं, शेवटचं खाडीचं. मधल्यांना अजून नावं नाहीत. गिटार सात तारांची, सगळ्यात जाड तार 'ए'पर्यंत उतरवलेली, म्हणजे ५५ हर्ट्झ. बेस त्याच्या खाली एक सप्तक, २७.५. ड्रमरच्या मते हे कानाने ऐकायचं काम नाही, पोटाने ऐकायचं आहे.

१९ एप्रिल, शनिवार

पहिल्या गाण्याची गाठ आज सुटली, आणि सुटली ती शब्दांमुळे.

रिफ सात मात्रांचा आहे, तीन-दोन-दोन. त्यावर गायिकेने आणलेले शब्द असे:

सांडव्याच्या दगडाला
पाणी सांगून निघालं
माहीमच्या खाडीपाशी
कोण ओळखील मला

प्रत्येक चरणात आठ अक्षरं. ती हे मोजून करत नाही. ओवी-अभंगाचं वळण तिच्या तोंडात बसलेलं आहे, वाक्य आपसूक तिथेच थांबतं. मी तिला सांगणार होतो की प्रत्येक ओळीतलं एक अक्षर काढ, सातात बसव. ड्रमरने हात धरला. "काढू नको. दोन्ही चालू दे."

मग दोन्ही चालू दिलं. गिटार साताची, गाणं आठाचं. दुसरा चरण सुरू होतो तेव्हा गिटार तिच्या दुसऱ्या मात्रेवर असते, तिसरा सुरू होतो तेव्हा तिसऱ्या. प्रत्येक ओळ रिफवरून एकेक मात्रा सरकत जाते. सात चरण झाले की छप्पन्न मात्रा होतात, तेवढ्यात रिफची आठ आवर्तनं संपतात आणि दोघंही एकाच क्षणी समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येतात. म्हणून कडवं सात चरणांचं करायचं ठरलं. आठव्या ओळीची जागा मोकळी राहते, आठ मात्रांची. ड्रमरने तिथे बेदम, म्हणजे मध्ये न थांबणारी, तिहाई टाकली: तीन ठोक्यांचा तुकडा तीनदा, एकूण नऊ ठोके. आठ त्या मोकळ्या जागेत आणि नववा थेट पुढच्या समेवर. खोलीत चौघं एकदमच हसलो.

या सगळ्यात ऐकणाऱ्याने काही मोजायचं नाही. स्वीडनचा मेटल बँड मेशुगा, ते हे वर्षानुवर्षं करत आले आहेत. त्यांचा ड्रमर टोमास हाके हाताने झांजेवर सरळ चार ठेवतो आणि पाय व गिटार विषम आकड्यांत फिरतात, म्हणून हजारोंची मान एका लयीत हलते. त्यांच्याकडे सरळ असते ती झांज. आमच्याकडे सरळ राहील तो मराठी चरण. पूर्ण अल्बमला हाच नियम लावायचा. प्रत्येक क्षणी काहीतरी एक सरळ चाललं पाहिजे, त्याला धरून ऐकता आलं पाहिजे. ज्या भागात असं धरायला काही सापडणार नाही तो भाग कितीही अवघड असला, वाजवताना कितीही मजा येत असली, तरी जाईल.

११ मे, रविवार

तिसरं गाणं. विमानतळाशी नदीचं काय झालं आहे ते नकाशावर नीट बघण्यासारखं आहे. धावपट्टीसाठी तिला अडवली, वळवली, आणि ती काटकोनात वळत धावपट्टीखालून जाते. नदी आपणहून काटकोनात वळत नाही. पुराचं पाणी जोरात आलं की अशा कोपऱ्यांवर तुंबतं, यात नवल नाही.

संगीतात काटकोन कसा आणायचा? नुसता ताल बदलणं पुरेसं नव्हतं. तीन-चार वळणं वाजवून पाहिली, सगळी गोलाईची वाटली. शेवटी लयच मोडली. गाणं १२० च्या लयीत चालतं. वळणाआधी ड्रमर झांजेवर पाऊण-पाऊण मात्रेचे ठोके देत राहतो, अगदी हलके, गिटारच्या मागे. मग एका क्षणी तोच पाऊण ठोका पूर्ण मात्रा होतो आणि लय १६० वर जाते. वेग वाढत गेला असं कुठेच वाटत नाही. जमीनच बदलते. पहिल्यांदा नीट लागलं तेव्हा बेसवाल्याने वाजवणं थांबवलं आणि "हेच, हेच" म्हणत राहिला.

त्याआधीचा सात मात्रांचा भाग रूपक तालासारखा धरला आहे. रूपकात समेवरच खाली (टाळी नसलेली मात्रा) असते, बाकीच्या ओळखीच्या तालांसारखी भरी नाही. म्हणून पहिल्या मात्रेवर किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, नाही. गिटार एकटी पडते, किक चौथ्या मात्रेवर येते. मेटलमध्ये पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी मिळून आपटायची सवय असते. ती जागा रिकामी ठेवली की पाऊल हवेत राहिल्यासारखं होतं आणि तेवढ्यानेच माणूस सावध होऊन ऐकतो.

२६ मे, सोमवार

पाऊस आला. मे महिन्यातच मोसमी पाऊस मुंबईत, आजवरच्या नोंदींत इतक्या लवकर कधी नव्हता. ड्रमच्या रेकॉर्डिंगची तारीख आधीच ठरली होती, ती पुढे ढकलली नाही.

दमट हवेचा ड्रमला तितका त्रास नाही, चामडं जाऊन प्लास्टिक आल्याला जमाना झाला. गिटारची मान मात्र लाकडाची. आठवडाभरात तारा फळीपासून वर आल्या, मानेतली लोखंडी सळई (ट्रस रॉड) पाव फेरा आवळावी लागली. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. पावसाळाभर प्रत्येक टेकआधी बाराव्या पट्टीवर सूर तपासायचा.

ड्रम छान झाले. खोलीतला दूरचा माइक आम्हाला सर्वांत आवडला, मिक्समध्ये तो पुढे ठेवणार.

२३ जुलै, बुधवार

काल ब्लॅक सॅबथचे गायक ऑझी ऑस्बर्न गेले. पाच तारखेलाच बर्मिंगहॅममध्ये ब्लॅक सॅबथचा निरोपाचा कार्यक्रम झाला होता, आम्ही चौघांनी तो मोबाइलवर एकत्र पाहिला होता. आज ठरलेलं काम केलं नाही. सॅबथच वाजवलं.

आमच्या खाली उतरवलेल्या तारा ज्यांच्यामुळे आहेत ते सॅबथचे गिटारवादक टोनी आयोमी. पत्र्याच्या कारखान्यात सतराव्या वर्षी यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. ते डावखुरे, म्हणजे उजवा हात तारा दाबायचा. त्यांनी प्लास्टिक वितळवून टोप्या बनवल्या, हलक्या तारा शोधल्या, आणि पुढे दुखऱ्या बोटांना सोपं जावं म्हणून तारा सैल केल्या. १९७१ पर्यंत दीड स्वर खाली आले होते. या संगीताचा जडपणा एका कामगाराच्या जखमी हातातून आला आहे. माझे आजोबा परळच्या गिरणीत साच्यावर होते. ही गोष्ट मी कुठेही ऐकली की मला त्यांचेच हात दिसतात, आणि मेटल हे परक्यांचं संगीत आहे असं कोणी म्हणालं की मी आयोमींची गोष्ट सांगतो.

१० ऑगस्ट, रविवार

शेवटच्या गाण्यासाठी ताशा. ड्रमर गिरगावच्या पथकात ताशा वाजवतो, सध्या त्यांचा सराव जोरात आहे. गाण्याचा शेवट माहीमच्या खाडीत होतो, जिथे विसर्जनही होतं. तिथे ताशा हवाच होता.

सरावाच्या शेडमध्येच रेकॉर्ड केलं. जवळ माइक ठेवला तर पहिल्याच ठोक्याला आवाज फाटला. ताशाचा ठोका इतका तीक्ष्ण की मीटरचा काटा हलायच्या आत लाल दिवा लागतो. पंधरा फूट मागे गेलो, भिंतीकडे तोंड करून माइक लावला. मग तर्री, ताशाची ती सलग थरथर, सुंदर आली, एकेक काठी वेगळी ऐकू येते. पथकातल्या दादांना मी विचारलं की हे सात मात्रांत बसवाल का. ते म्हणाले, "तू वाजव, आम्ही बघतो." गिटारचा ट्रॅक दोनदा ऐकला आणि वाजवलं. लिहून दिलेला कागद घडी घालून खिशात ठेवला तो तसाच राहिला.

१९ ऑगस्ट, मंगळवार

रेकॉर्डिंग रद्द. पाऊस कालपासून थांबलेला नाही. सीएसएमटी-ठाणे गाड्या बंद, हार्बरही कुर्ल्यापर्यंत बंद. कुर्ल्याला मिठी धोक्याच्या पातळीवर गेली, क्रांतीनगरातल्या लोकांना हलवलं. बेसवाल्याची मावशी तिथेच राहते. दुपारी त्याचा फोन लागत नव्हता. चार वाजता लागला. मावशी पालिकेच्या शाळेत, सुखरूप. घरात पाणी.

नदीवर गाणी लिहायला घेतली तेव्हा ती मार्चमध्ये होती, कोरडी, काळी, कडेला. आज ती घरात आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

मावशीच्या घरातला गाळ काढायला चौघं गेलो. भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या कमरेच्या थोडी वर. मावशी एकीकडे भांडी घासत एकीकडे सांगत होत्या, की २००५ ची रेघ पोटमाळ्याच्या फळीला होती. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. ही संख्या मुंबईत सगळ्यांना पाठ आहे, पण ती रेघ बोटाने दाखवणारं माणूस समोर असलं की आकडा वेगळा ऐकू येतो.

संध्याकाळी पाचव्या गाण्यावर बोललो. मध्यंतरी एक सूचना होती की गाणं बरोबर नऊ मिनिटं चव्वेचाळीस सेकंदांचं करू. ती काढून टाकली. लोकांच्या मोबाइलमधले पुराचे आवाज, आरडाओरडा घालायचा विचार होता, तोही काढला. कुणाच्या भीतीचा आवाज आपल्या गाण्यात सजावट म्हणून लावायचा अधिकार आम्हाला नाही. मी माझ्या गॅलरीत रेकॉर्ड केलेला पत्र्यावरचा पाऊस राहील, तेवढाच. आणि गाण्यातला सर्वांत वेगवान भाग, ज्यावर मी दोन महिने बोटं झिजवली, तोही गेला. त्या जागी आता एकच स्वर चार मिनिटं चढत जातो. पाणी त्या दिवशी धावत आलं नव्हतं. मावशी म्हणाल्या, "आवाज न करता आलं बाळा. आधी चपला तरंगल्या."

ही ओळ गायिकेने त्यांना विचारून घेतली. गाण्यात आहे तशीच येईल.

१४ सप्टेंबर, रविवार

गिटारी. एक गोष्ट सविस्तर लिहितो, कारण खाली उतरवून वाजवणाऱ्या सगळ्यांना ती भेटणार आहे.

आमची खालची तार ५५ हर्ट्झ. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. आर्थिंग कच्चं असेल तर तिची घरघर पिकअपमध्ये (गिटारवरचा तारांचा आवाज उचलणारा भाग) येते, आणि ती आमच्या स्वराच्या अगदी शेजारी पडते. स्वर जोरात असेपर्यंत काही कळत नाही. तो विरत घरघरीच्या पातळीला आला की दोन्ही एकमेकांत मिसळून आवाज सेकंदाला पाच वेळा डुलतो, व-व-व-व-व. गेन (सिग्नल वाढवायचं प्रमाण) जास्त असल्यामुळे ते आणखी मोठं होतं. नॉइज गेट (हळू आवाज बंद करणारं साधन) लावून ते झाकता येतं, पण मग स्वराचं शेपूट कापलं जातं, आणि पाचव्या गाण्यात आम्हाला शेपटीच हव्या आहेत.

भाड्याच्या खोलीत हे सुटेना. शेवटी माझ्या घरी, रात्री. लॅपटॉप बॅटरीवर, ट्यूबलाइट बंद, पंखा बंद. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर तर वेगळीच कर्कश किरकिर देतो. मग स्टुलावर बसून गिटारसह हळूहळू फिरायचं. खिडकीकडे तोंड, घरघर मोठी. कपाटाकडे, थोडी कमी. देवघराच्या कोपऱ्याकडे वळलो आणि ती जवळपास नाहीशी झाली. जमिनीवर खडूने स्टुलाच्या पायांच्या खुणा केल्या. सगळ्या गिटारी त्याच कोपऱ्याकडे तोंड करून वाजवल्या, घामाने निथळत. आईने दोन वेळा विचारलं, की मेटलवाले पण देवासमोरच बसतात का रे.

साधा सिग्नल रेकॉर्ड केला आहे. अॅम्पमधून नंतर काढू. डावीकडे एक, उजवीकडे एक, दोन्ही वेगळे वाजवलेले. चार-चार थर रचले नाहीत. थर वाढले की भिंत होते आणि बोट दिसेनासं होतं.

२ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी आटोपून आवाजाचं काम. महिना राखून ठेवला होता.

घशाच्या खरखरीत मराठीचं काय होतं, हे शिकण्यासारखं आहे. ख, ठ, ड, ध हे ठळक उभे राहतात. ळ आणि ण बुडतात. 'आ' रुंद होतो, 'ई' बारीक पडून फाटतो. म्हणून गायिकेने काही ओळी फिरवल्या, लांब 'आ' समेवर येईल असं पाहिलं. पण 'ओळखील'मधला ळ तिने सोडला नाही. तो शब्द ती स्वच्छ आवाजात म्हणते आणि पुढच्या 'मला'वर खरखर चढते. हा तिचाच निर्णय, आणि माझ्या मते अल्बममधली सगळ्यात देखणी जागा तीच आहे.

पहिल्या गाण्यात साताच्या रिफवर आठाचे चरण टिकवताना क्लिक, म्हणजे लय दाखवणारी कानातली टकटक, तिला सारखा ओढून घ्यायचा. तिने कानातून क्लिक काढायला लावला, गिटारही अगदी बारीक करायला लावली. डोळे मिटून, उजव्या हाताने मांडीवर गोल गोल, जातं ओढल्यासारखं. सातही चरण गाऊन गेली आणि तिहाईच्या नवव्या ठोक्यावर बरोबर परत आली. तोच टेक ठेवला. शेवटच्या ओळीआधी तिचा श्वास मोठ्याने ऐकू येतो. ड्रमर म्हणाला साफ करू, बाकी तिघांनी नकार दिला.

२३ नोव्हेंबर, रविवार

मिक्स. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून ५५ हर्ट्झ येतच नाही, २७.५ तर दूरच. पण ११०, १६५, २२० हे वरचे अंश असतील तर कान खालचा स्वर स्वतः भरून घेतो. म्हणून बेसचा एक ट्रॅक जाणूनबुजून खरबरीत केला, फक्त वरच्या अंशांसाठी. आता फोनवरही बेसचं चालणं कळतं. बेसवाला लोकलमध्ये दारात उभा राहून ऐकत आला आणि कुर्ल्याला उतरताना अंगठा दाखवलेला फोटो पाठवला.

आवाजाची पातळी यावर थोडा वाद. आजूबाजूचे सगळे अल्बम कानठळ्या बसवणारे, आपला हळू वाटेल ही भीती. स्ट्रीमिंगवाले साधारण उणे १४ लफ्सला (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) सगळ्यांना समान करतात, त्यामुळे दाबून चपटा केलेला मास्टर (अंतिम प्रत) तिथे खालीच ओढला जातो आणि चपटेपणा तेवढा उरतो. पाचवं गाणं चार मिनिटं चढतं. त्याला चढायला खाली जागा पाहिजे. दाबायचं नाही, असं ठरलं.

१४ डिसेंबर, रविवार

मास्टर आले. सत्तेचाळीस मिनिटं. चौघांनी दिवे मालवून, मध्ये न बोलता ऐकलं. ठीक आहे, यापेक्षा जास्त लिहायला आज जमणार नाही.

कागदपत्रं: प्रत्येक ट्रॅकला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक (रेकॉर्डिंगची ओळख) घेतला. गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचं काम पाहणाऱ्या आयपीआरएस संस्थेकडे शब्द आणि संगीत दोन्हींची नोंदणी चालू आहे. सगळ्या गाण्यांत चौघांचा समान वाटा, कागदावर सह्या करून. रचनेवरचा हक्क रचनाकाराच्या हयातीनंतर साठ वर्षं चालतो. मैत्री आहे म्हणूनच हे आत्ता लिहायचं. ताशावाल्या दादांची नावं कलाकारांच्या यादीत, आभारांत नाही. 'आधी चपला तरंगल्या' या ओळीखाली मावशींचं श्रेय, त्यांना हवं त्या नावाने.

कार्यक्रमाची जागा शोधतो आहोत. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव व्हायचा, उघड्या आभाळाखाली. आजूबाजूला रुग्णालयं आणि महाविद्यालय, शांतता क्षेत्राचा नियम आला आणि तिथलं संगीत थांबलं. रुग्णालयाशेजारी राहणाऱ्यांच्या बाजूने पाहिलं तर नियम योग्यच आहे. पण त्याच्या बदल्यात शहराने तशी दुसरी जागा बांधली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पबमध्ये आम्ही वाजवू, पण तिथे मावशी येणार नाहीत. आम्हाला खुर्च्या असलेलं, तिकीट परवडणारं नाट्यगृह हवं आहे. दोन ठिकाणी ड्रमच्या आवाजाबद्दल विचारलं आणि पुढे बोलणं थांबलं. तिसऱ्या ठिकाणी व्यवस्थापकांनी आधी अल्बम ऐकायला मागितला. उद्या पेन ड्राइव्ह नेऊन देतो.

क्रम अल्बमचाच ठेवायचा. तिसऱ्या गाण्यातली लय बदलते तिथे क्लिकशिवाय जायचं, असा ड्रमरचा हट्ट. गुरुवारपासून त्याच जागेचा सराव.